थर्मोस्टॅट : गिरणीतून घरात

करी रोडच्या नव्या इमारतींत खोलीचा गारवा राखणारा थर्मोस्टॅट तुम्ही पाहिला असेल. हा पहारेकरी मूळचा कापडगिरणीतला बरे का! १८३० साली अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने त्याचे पेटंट घेतले. दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडलेल्या. तापल्या की एक जास्त वाढते, जोडपट्टी वाकते आणि झडप हलते. गुरुजींनी वर्गात जरूर करून दाखवावे.

लालबाग-करी रोडच्या गिरण्यांना मात्र ओलाव्याचीही काळजी. हवा कोरडी झाली की सूत तुटते; म्हणून हवेत ओलावा सोडत. सुताचे भले झाले, पण माणसाचे? दमट हवेत घाम वाळत नाही, जीव कासावीस होतो. १९४८च्या कारखाने कायद्याने कृत्रिम ओलाव्यावर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यासाठीचे पाणी स्वच्छ हवे, हेही सांगितले. १९८२च्या संपानंतर बहुतेक भोंगे हळूहळू थांबले, दमट हवा तेवढी राहिली.

तेव्हा वेळापत्रक लावता येणारा थर्मोस्टॅट घेताना दुकानदाराला विचारा, हा नुसती उष्णताच पाहतो की हवेतला ओलावाही? आणि उन्हाच्या भिंतीवर तो बसवू नका. तिथे तो भिंतीचाच ताप मोजत बसेल.