हिवाळ्यातली शाळेची वाट

मुलांनी शाळेला चालत जावे, जमल्यास सायकलने जावे, थंडीच्या दिवसांतही जावे, असा उपदेश हल्ली पुष्कळ देशांत ऐकू येतो. उपदेश चांगलाच आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की मुले आळसावली आहेत आणि आईबाप फाजील मायाळू झाले आहेत. तेव्हा दोघांनाही जरा हलवले की काम झाले. गेल्या अर्धशतकाचा इतिहास चाळताना मला निराळेच काही दिसत आले आहे. शाळेच्या वाटेवरून मूल नाहीसे कसे झाले आणि कुठे ते परत आले, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने १९७३-७४ च्या हिवाळ्यापासून आरंभ करावा.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसले. ज्या देशांना तेल मुळीच द्यावयाचे नाही असे त्यांनी ठरवले, त्यांत अमेरिका होती आणि हॉलंडही होते. एक देश खंडाएवढा, दुसरा आपल्याकडील तीनचार मोठ्या जिल्ह्यांएवढा. संकट एकच, ऋतूही एकच. पण शाळेच्या वाटेवरील मुलाच्या वाट्याला दोन्हीकडे जे आले, ते अगदी भिन्न होते.

अमेरिकेने घड्याळाला हात घातला. संध्याकाळी उजेड अधिक वेळ राहिला म्हणजे दिवे उशिरा लागतील आणि तेवढी वीज वाचेल, असा हिशेब करून ६ जानेवारी १९७४ रोजी जवळजवळ साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे सरकवण्यात आली. उन्हाळ्यात चालणारी ही युक्ती ऐन हिवाळ्यात आली आणि सूर्य त्या हिशेबाला बधेना. मुले शाळेला निघत तेव्हा अनेक गावांत अजून रात्रच असे. हातात विजेऱ्या घेऊन ती रस्त्याच्या कडेने चालू लागली. थोड्याच आठवड्यांत एकट्या फ्लॉरिडात आठ शाळकरी मुले पहाटेच्या अपघातांत दगावल्याच्या बातम्या आल्या आणि एकच हलकल्लोळ उडाला. डिसेंबरात या योजनेला शंभरांतील ७९ लोकांचा पाठिंबा होता, तो फेब्रुवारीत ४२ वर आला. ऑक्टोबर १९७४ मध्ये कायदा बदलून पुढच्या हिवाळ्यासाठी घड्याळे पुन्हा मागे घेण्यात आली.

ब्रिटनने हाच प्रयोग १९६८ ते १९७१ या काळात करून पाहिला होता. तेथे मुलांच्या दंडांवर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधल्या गेल्या. पुढे आकडे तपासले तेव्हा असे दिसले, की सकाळच्या अंधाराने जेवढे बळी वाढले त्याहून अधिक संध्याकाळच्या उजेडाने वाचले होते. तरीही २ डिसेंबर १९७० रोजी पार्लमेंटने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळावयाचे ठरवले. मला यात नवल वाटत नाही. अंधारात दाराबाहेर पडणारे मूल आईला डोळ्यांनी दिसते. संध्याकाळी जे वाचले, त्याला आपण वाचलो हे ठाऊकही नसते; मग त्याच्या वतीने बोलणार कोण?

दोन्ही देशांत निर्णय झाला तो घड्याळाविषयी. रस्ता होता तसाच राहिला, मोटारी वाढत गेल्या, आणि आईबापांनी त्यांच्या हाती होता तो एकच उपाय केला. त्यांनी मूलच रस्त्यावरून काढून घेतले. ब्रिटनमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची शंभरांतील ८० मुले मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून शाळेला जात. १९९० साली तशी ९ उरली. अमेरिकेत १९६९ साली ५ ते १४ वर्षांची ४८ टक्के मुले पायी किंवा सायकलने शाळेला जात. २००९ साली १३ टक्के. ब्रिटनमधील ही मोजणी करणारे मेयर हिलमन यांनी मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिले आहे, की मुलांचे अपघात घटले यावरून रस्ते निर्धोक झाले असे मानू नये. पक्षी पिंजऱ्यात ठेवला म्हणजे रानातील ससाणे कमी होत नाहीत.

आता हॉलंडकडे वळू. तेथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलने शाळेला जाताना मोटारीखाली सापडून गेली. १९७२ साली त्याने आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. ‘मुलांची हत्या थांबवा’ हा त्याचा मथळा, आणि त्याच नावाची चळवळ देशभर उभी राहिली. आईबाप आणि मुले अपघातांच्या जागी ठाण मांडून बसत, रस्ते अडवून तेथे खेळ मांडत. पंतप्रधान डेन आउल यांच्या दारीही ही मंडळी सायकलींवरून गाणी म्हणत गेली. अशात तेलाचे संकट आले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रविवारी मोटारी बंद ठेवण्यात आल्या. भर थंडीत, ओस पडलेल्या हमरस्त्यांवर पोरे चाकांची पादत्राणे घालून धावली. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी त्या रविवारी डोळ्यांनी पाहिले.

पाहून ते स्वस्थ बसले नाहीत, हे महत्त्वाचे. ज्या गल्लीत मोटारीने माणसाच्या चालीने जावे, अशा वस्तीच्या रस्त्यांना १९७६ साली कायद्याची मान्यता मिळाली. हेग आणि टिलबुर्ग येथे सायकलींसाठी स्वतंत्र वाटा बांधून पाहण्यात आल्या आणि पुढे त्या देशभर पसरल्या. २०१० साली तेथे रस्त्यांवर दगावलेल्या मुलांची संख्या १४ होती. आणि त्या मुलांना कोणी घरात कोंडले नव्हते.

हॉलंडचा हिवाळा सौम्य, असे कोणी म्हणेल. त्याने फिनलंडमधील औलू हे शहर पाहावे. ते उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही. डिसेंबरात तेथे सूर्य साडेतीन-चार तासच दिसतो. तेथील मेत्सोकांगास शाळेचे एक छायाचित्र जगभर फिरले. पारा शून्याखाली १७ अंश, आणि शाळेपुढे बर्फात सायकलींच्या रांगाच रांगा. सुमारे १२०० मुलांपैकी हजारभर सायकलने येतात. ही फिनिश पोरे काही वेगळ्या मातीची नाहीत. तेथे सायकलच्या वाटा मोटारींपासून अलग आहेत, मोठ्या रस्त्यांखालून भुयारे आहेत, आणि मुख्य वाटांवरील बर्फ सकाळी सातच्या आत हटवलेले असते. मुलांना धीर देण्याचे काम तेथे पहाटे निघालेला बर्फाचा नांगर करतो.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुण्याची थंडी औलूच्या मानाने काय, गुलाबी म्हणावी अशीच. ती तेव्हाही होती आणि आजही आहे. सायकलींचे काय झाले, याचे उत्तर तिच्याकडे मागून उपयोग नाही. म्हणून मुलांना चालण्याचे महत्त्व सांगणाऱ्या सज्जनांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांनी एखाद्या सकाळी शाळा भरण्याच्या वेळी समोरचा रस्ता आठ वर्षांच्या मुलाचे बोट धरून ओलांडावा. मग भाषण कोणापुढे करावयाचे, मुलांपुढे की नगरपालिकेपुढे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.