दिवेलागणीनंतरची शाळा

महाराष्ट्रात प्रौढांसाठी भरलेले सुरुवातीचे वर्ग रात्रीचे होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. त्यांच्या मुलींच्या शाळेला तेव्हा सात वर्षे झाली होती. दिवसभर ज्यांचे हात कामात गुंतलेले, त्यांना शिकवायचे तर दिवेलागणीनंतरच, हा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे पाठ्यपुस्तके बदलली, योजनांची नावे बदलली. पण कष्टकऱ्याच्या दिवसातला कोणता तास मोकळा आहे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला. वर्ग टिकले की मोडले, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरत गेले.

त्याआधी मोठी माणसे काही शिकतच नव्हती, असे मात्र नाही. देवळातले कीर्तन, चातुर्मासातले पोथीवाचन, जात्यावरची ओवी यांतून ऐकून शिकण्याची मोठी परंपरा गावोगाव होती. एक जण पोथी वाचे आणि पन्नास जण ऐकत. अक्षरओळख नसलेल्या बायकांना शेकडो ओव्या मुखोद्गत असत. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी हाच कीर्तनाचा फड वापरून लोकांना मुले शाळेत घालायला लावली. पण सावकाराचे खत, कचेरीतला दाखला, जमिनीचा कागद समोर आला की ऐकीव ज्ञान थिटे पडे. काय लिहिले आहे ते न कळताच अंगठा उठवावा लागे. एकोणिसाव्या शतकात कागदाचे राज्य जसजसे वाढत गेले, तसतसे निरक्षर असणे जास्त महाग पडू लागले. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या नाडवणुकीचे सविस्तर वर्णन आहे, आणि रात्रशाळेमागची तळमळही तीच आहे.

मुंबईत ही गरज वेगळ्या रूपात आली. १८५६ मध्ये शहरातली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि कोकणातून, घाटावरून माणसे येऊ लागली. चाळीच्या एका खोलीत अनेक गाववाले दाटीने राहत, जेवण खाणावळीत. गावाहून आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, मनीऑर्डरीचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागे, आणि घरातली खाजगी गोष्ट त्या तिसऱ्या माणसाच्या कानावर जाई. सही करता येणे, पत्र आपले आपण वाचता येणे यासाठी माणसे वर्गाला बसत. प्रार्थना समाजाने मुंबईत चालवलेल्या रात्रशाळा अशाच कामकऱ्यांसाठी होत्या.

अडचण होती ती वेळेची. गिरणीतले काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, आणि विजेचे दिवे आल्यावर तर मावळतीची मर्यादाही राहिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची सुटी ही तिची एक ठळक मागणी होती, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. शिक्षणाच्या इतिहासात या सुटीची नोंद सहसा होत नाही. ती व्हायला हवी, कारण कामगाराच्या आठवड्यातला पहिला मोकळा दिवस तिने मिळवून दिला.

१९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगने कामकरी वस्त्यांत रात्रीचे वर्ग चालवले, वाचनालये काढली, आणि पुस्तके पेट्यांत भरून वस्त्यांपर्यंत पोचवली. ही पेटीची कल्पना मोलाची होती. दमून आलेला माणूस ग्रंथालयाची पायरी चढेलच असे नाही. पण पुस्तक दारात आले तर चार शेजारी त्याभोवती बसतात, आणि ज्याला वाचता येते तो मोठ्याने वाचतो. जुन्या पोथीवाचनाची सवय इथे उपयोगी पडली.

कायद्याने पुढे १९२२ मध्ये आठवड्याचे तास साठ, १९३४ मध्ये चौपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस केले. दरम्यान गिरण्यांत पाळ्या सुरू झाल्या आणि नवीच पंचाईत उभी राहिली. ज्याची पाळी बदलत राहते त्याला ठरलेल्या वेळेच्या वर्गात सलग बसता येत नाही. आठ दिवस हजर, आठ दिवस गैरहजर, मग उजळणीतच वेळ जायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने घड्याळाचा विचार आधी केला. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या तरुणाला तास आटोपून कचेरी गाठता येई. लगेच पुढच्या वर्षी संस्थेने रात्रशाळाही काढली.

या सगळ्यात बायका फारशा नव्हत्या. रात्री घराबाहेर पडणे त्यांना शक्य नव्हते, आणि संध्याकाळ चुलीपाशीच जाई. त्यांचा मोकळा वेळ होता दुपारचा: जेवणे आटोपल्यावर, दिवेलागणीची कामे सुरू होण्याआधीचा. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने हा वेळ हेरला. प्रौढ स्त्रियांसाठी, त्यांत विधवाही आल्या, तिथे वाचन-लेखनाचे आणि शिवणकामाचे वर्ग भरू लागले. पुढे परिचारिका आणि शिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे उभे राहिले. पाटी घेऊन बसलेल्या बाईला घरातून टोमणे ऐकावे लागत असताना हे घडले, हे विसरता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर साक्षरतेचा सर्वात मोठा लोकप्रयत्न साताऱ्यातून निघाला. १९५९ मध्ये त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन वर्षांत ती राज्यभर पसरली. तिचे बळ गावाच्या इभ्रतीत होते. वर्ग एकेकट्या निरक्षर माणसासाठी नव्हता; अख्खे गाव साक्षर करायचे, असा निर्धार गाव एकत्र येऊन करी. देऊळ, चावडी, शाळा, जिथे जागा मिळेल तिथे कंदिलाभोवती वर्ग बसत. शिकवायला प्राथमिक शिक्षक आणि गावातलीच शिकलेली मुले. नांगर धरणाऱ्या हाताला पेन्सिल धरणे सोपे नसते. ती इतकी घट्ट आवळली जाते की टोक मोडते आणि पाटीवर अक्षराऐवजी ओरखडा उठतो. ‘ग’ची काठी सरळ यायलाच काही रात्री जात. काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पण नंतर वाचायला काही हाती नसेल तर आलेली अक्षरे वर्षा-दोन वर्षांत पुसली जातात. फिरती वाचनालये हा त्यावरचा उपाय होता. तो सगळीकडे पुरेसा पोचला नाही, आणि मोहिमेची खरी उणीव तीच राहिली.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा रोख १५ ते ३५ वयोगटावर होता. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. साक्षरतेच्या पुढची वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मोकळी केली. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी तिथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो पार केला की बारावीचे प्रमाणपत्र नसतानाही पदवीला प्रवेश मिळे. शिक्षण पत्राने आणि पुस्तकाने घरी येऊ लागल्यावर वर्गाच्या वेळेची अडचण बरीच सैल झाली.

३५ ही वयोमर्यादा मागे टाकणारी शाळा २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, ८ मार्चला भरली. तिचे नाव आजीबाईंची शाळा. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून तिथे येतात. आपल्याला पोथी वाचता यावी, ही त्यांची मूळ इच्छा होती. शाळेची वेळ ठरली दुपारची, दोन ते चार.

२०२२ पासून देशात नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. त्यात किमान वय १५, वरची मर्यादा नाही. महाराष्ट्रात या कार्यक्रमाची परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण होते. दिवस रविवारचा होता, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात सवडीनुसार कधीही येऊन पेपर देण्याची मुभा होती.