चुडी आणि मळसूत्र

जुन्या गाडीची दुखणी बहुधा आवाजावरून कळतात. एक दुखणं मात्र मुकं असतं. इंजिनाच्या तळाशी, ऑइल चेंबरला एक बोल्ट असतो. तो काढला की काळं पडलेलं ऑइल खाली येतं. पुन्हा बसवला की नवं भरायचं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि एके दिवशी तो बोल्ट नुसताच फिरत राहतो, आवळला जात नाही. आपण म्हणतो, आटे गेले. मुंबईच्या गॅरेजातला मिस्त्री म्हणतो, ‘चुडी मर गई.’ लोखंडावरच्या वळ्यांत बांगडी पाहणारी ही भाषा मला मोहवते. मराठीच्या मळसूत्रात सूत्र आहे, इंग्रजी ‘थ्रेड’चाही अर्थ दोराच. या दोऱ्याला मोठा इतिहास आहे.

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक बोल्टाचा नट ठरलेला असे. जोडी फुटली की दोघंही निकामी, कारण जो तो कारागीर आपल्या अंदाजानं आटे पाडी. इसवी सन १८००च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी एकसारखे आटे पाडणारा लेथ घडवला. त्यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये सुचवलं, की आट्यांचा कोन सर्वांनी ५५ अंशांचा ठेवावा. प्रत्येक जाडीच्या बोल्टाला इंचात किती आटे, हेही त्यांनी ठरवून दिलं.

अमेरिकेनं ते ऐकलं नाही. १८६४मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन मांडला. तो साध्या कारागिरालाही सहज पाडता येतो, असं त्यांचं म्हणणं. पुढं अर्ध्या इंचाच्या बोल्टाला ब्रिटिश मापात इंचाला १२ आटे राहिले, अमेरिकी मापात १३. फरक एका आट्याचा, पण दोघांची सोयरीक जमेना.

असा फरक किती महाग पडतो, हे फेब्रुवारी १९०४मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरानं पाहिलं. मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले. पण त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. मदत दारात उभी आणि पाणी मिळेना. पंधराशेहून अधिक इमारती त्या आगीत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची यंत्रं एकमेकांचे नट-बोल्ट घेईनात, तेव्हा कुठं १९४८मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर समेट केला. युरोपात तोवर मिलिमीटरचं वेगळंच घराणं नांदत होतं.

या भांडणांतून काही गमतीही जन्मल्या. इंग्लंडच्या मॉरिस कंपनीनं १९२३मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मिलिमीटरची. मग आटे फ्रेंच मापाचे आणि बोल्टाची डोकी मात्र इंग्रजी पान्याला बसणारी, अशी इंजिनं बनू लागली. पेहराव एका देशाचा, बोली दुसऱ्या देशाची!

आपल्याकडे तर सगळीच घराणी एका छपराखाली आली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर ब्रिटिश वंशाची, जीप अमेरिकी, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मूळची इटालियन फियाट, म्हणजे मिलिमीटरवाली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. इंची बोल्ट १२ मिलिमीटरच्या भोकात दामटला तर आटे फाटणारच. म्हणून जाणता मिस्त्री आधी मापाची कंगवी आट्यांवर धरून पाहतो आणि मगच पाना उचलतो.

आटे गेले तरी चेंबर मेला असं नव्हे. अनेक इंजिनांचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट पोलादाचा. जास्त आवळलं की मऊ धातू हरतो. धातू पुरेसा जाड असेल तर भोक थोडं मोठं करून वरच्या मापाचे आटे पाडता येतात. मूळ बोल्टच ठेवायचा असेल, तर नव्या आट्यांत पोलादी बुश किंवा तारेची गुंडाळी बसवतात. त्या गुंडाळीच्या आतून पुन्हा जुन्याच मापाचे आटे मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांत ही युक्ती रुळली. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यालाच चिकटतो. तरीही शक्य असेल तर चेंबर उतरवून धुवावा, कारण आत राहिलेला कीस पुढं बेअरिंग खातो. शेवटी तांब्याचा नवा वॉशर.

ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता पुष्कळ ठिकाणी आटे गेले की सबंध चेंबरच बदलतात. घाईच्या धंद्यात ते समजण्यासारखं आहे. पण ज्या जुन्या गाडीचा चेंबर बाजारात मिळत नाही, तिचं आयुष्य या कंगवी-टॅपवाल्या हातांवरच टिकून आहे. असे हात एका दिवसात घडत नाहीत.

तुमच्या गाडीचं ऑइल बदलताना एवढंच बघा, की बोल्टाचे पहिले तीन-चार फेरे मिस्त्री बोटांनी देतो आहे ना. तिथं तो अडखळला तर थांबू द्या. घाई करू नका.