नाटकीपणाचे चार इंग्रजी शब्द

एखाद्याने क्षुल्लक कारणावरून गळा काढला, की मराठी माणूस ‘काय नाटक चालवले आहे!’ एवढे म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत मात्र अशा वर्तनाला थिएट्रिकल, हिस्ट्रिऑनिक, मेलोड्रॅमॅटिक अशी निरनिराळी विशेषणे आहेत. कोशांत ती शेजारी शेजारी नांदतात. परंतु त्यांची कुळे तपासली म्हणजे प्रत्येकाचा आरोप वेगळा आहे, हे ध्यानात येते.

‘थिएट्रिकल’चे मूळ ग्रीक ‘थिआत्रॉन’, म्हणजे पाहण्याची जागा. या शब्दाचा रोख प्रेक्षकाकडे आहे. कोणी तरी पाहत आहे या जाणिवेने केलेले वर्तन ते थिएट्रिकल. त्यामागची भावना खरीही असू शकेल. तिचे प्रदर्शन तेवढे खटकते.

‘हिस्ट्रिऑनिक’ रोमहून आला. इ. स. पूर्व ३६४ च्या सुमारास रोममध्ये साथ पसरली असता देवांचा कोप शमावा म्हणून इट्रुरियातून नर्तक आणवले गेले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. त्यांच्या भाषेतील ‘इस्तेर’वरून लॅटिनमध्ये नटाला ‘हिस्ट्रिओ’ हे नाव पडले. रोमने नटांना टाळ्या दिल्या, पण प्रतिष्ठा दिली नाही. रंगमंचावर उतरणाऱ्याला कायद्यानेही कलंकित मानले. तो कमीपणा या शब्दाला चिकटला. हिस्ट्रिऑनिक म्हणजे अंतरी नसलेली, नुसती वठवलेली भावना.

‘मेलोड्रामा’त ‘मेलोस’ म्हणजे गीत. टॉमस होलक्रॉफ्टचे ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ हे नाटक १८०२ साली लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये झाले आणि हा फ्रेंच प्रकार इंग्लंडात रुजला. गद्य नाटकाचा परवाना तेव्हा मोजक्याच नाट्यगृहांना होता. इतरांना संगीताची जोड असलेला हा प्रकार सोयीचा ठरला. १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी संपली, तरी मेलोड्रामाची लोकप्रियता टिकली. निष्पाप नायिका, काळाकुट्ट खलनायक आणि प्रसंगाला न पेलणारा भावनेचा पूर, ही त्याची खूण. म्हणून मेलोड्रॅमॅटिक हा शब्द खोटेपणाचा नव्हे, प्रमाण सुटल्याचा दोष देतो.

चौथा शब्द ‘हिस्टेरिकल’. हिस्ट्रिऑनिकशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, नाते मुळीच नाही. ग्रीक ‘हिस्तेरा’ म्हणजे गर्भाशय. प्राचीन वैद्यांनी स्त्रियांचे अनेक विकार त्या अवयवाच्या माथी मारले आणि पुढील कित्येक शतके हा आजार स्त्रियांचाच मानला गेला. येथे अभिनय नाही. स्वतःवरचा ताबा सुटलेला आहे.

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९८० साली आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘हिस्टेरिकल’ व्यक्तिमत्त्वाला ‘हिस्ट्रिऑनिक’ हे नाव दिले. स्त्रीच्या शरीरावरचा जुना ठपका नावातून गेला खरा. पण त्या जागी नटाचा शिक्का आला, आणि रोगी जे भोगतो ते सोंग असावे, अशी शंका नव्या नावातच शिरली. दुसऱ्याच्या दुःखाला यांपैकी एखादे विशेषण लावण्यापूर्वी ते प्रदर्शन आहे, सोंग आहे, अतिरेक आहे की खरी असहायता, याचा विचार झालाच पाहिजे.