नेटवेअर : कार्यालयांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीचा उदय आणि अस्त

कार्यालयातील सुटे संगणक एका सर्व्हरशी जोडून त्यांना फायली आणि प्रिंटर सामायिकपणे वापरू देणारी 'नेटवेअर' ही कार्यप्रणाली एकेकाळी जगभरातील कार्यालयांत प्रमाण मानली जात होती. अमेरिकेतील नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या या प्रणालीचे सर्वसाधारण तांत्रिक साहाय्य मार्च २०१० मध्ये थांबवण्यात आले.

भारतात बँका, विमा कार्यालये, कारखाने आणि संगणक प्रशिक्षण संस्थांमध्ये नेटवेअरचा वापर झाला. एक कार्यप्रणाली बंद पडते तेव्हा केवळ एक उत्पादन संपत नाही. तिच्यावर साठवलेल्या नोंदी आणि ती शिकलेल्या माणसांचे कौशल्य या दोहोंपुढे प्रश्न उभा राहतो. नेटवेअरचा इतिहास त्या दृष्टीने बोलका आहे.

वेस्ट मांबलम आणि संगणकाचे वर्ग

चेन्नईत मांबलम रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस टी. नगरची गजबजलेली बाजारपेठ आहे, तर पश्चिमेस वेस्ट मांबलम ही नोकरदार मध्यमवर्गाची दाट वस्ती आहे. टंकलेखन आणि लघुलेखनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी कचेरीत किंवा बँकेत नोकरी मिळवणे, हा चेन्नईतील अशा वस्त्यांमधील अनेक पिढ्यांचा रूढ मार्ग होता.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि संगणकांच्या आयातीवरील निर्बंध सैल झाले. बँकांच्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेने सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवालही त्याच वर्षी आला. पुढील दशकात टंकलेखनाच्या वर्गांच्या जोडीला संगणकाचे वर्ग सुरू झाले. वर्डस्टार, लोटस १-२-३ आणि डीबेस यांच्यानंतर विद्यार्थी ज्या विषयाकडे वळत, त्यात 'नेटवर्किंग' हा प्रमुख होता. त्या काळात नेटवर्किंग याचा व्यवहारातील अर्थ बहुधा नेटवेअर असाच होता.

प्रणालीचा जन्म

अमेरिकेच्या युटा राज्यात १९७९ मध्ये स्थापन झालेली नॉव्हेल डेटा सिस्टिम्स ही कंपनी आरंभी संगणक आणि त्यांची जोडसाधने तयार करीत असे. हा व्यवसाय अडचणीत आल्यानंतर १९८३ मध्ये रे नूर्डा यांच्या नेतृत्वाखाली कंपनीची पुनर्रचना झाली.

ड्र्यू मेजर, काइल पॉवेल आणि डेल नायबाउर हे तरुण प्रोग्रॅमर कंपनीसाठी कंत्राटी तत्त्वावर काम करीत होते. 'सुपरसेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटाने नेटवेअरचा पाया घातला.

त्या काळी हार्ड डिस्क अतिशय महाग होती. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटी संगणकातील डिस्कची क्षमता अवघी १० मेगाबाइट होती. त्यामुळे एक डिस्क अनेकांनी वापरावी, ही कल्पना पुढे आली. आरंभीच्या बहुतेक जोडण्यांमध्ये डिस्कचे भाग पाडून ते वेगवेगळ्या संगणकांना दिले जात. नेटवेअरने डिस्कऐवजी फाइल सामायिक केली. कोणत्या वापरकर्त्याने कोणती फाइल उघडावी, कोणी ती केवळ वाचावी आणि कोणी बदलावी, हे सर्व्हर ठरवू लागला. हिशेबाची एकच वही अनेक कारकुनांनी एकाच वेळी, एकमेकांच्या नोंदी न खोडता लिहावी, अशी ही सोय होती.

कार्यालयातील व्यवस्था

नेटवेअरचा सर्व्हर सहसा एका कोपऱ्यात स्वतंत्र ठेवलेला असे आणि त्यावर अन्य काम केले जात नसे. वारंवार लागणाऱ्या फायली तो स्मरणात ठेवी. त्यामुळे सर्व्हरवरील फाइल कित्येकदा स्वतःच्या संगणकावरील डिस्कपेक्षाही लवकर उघडत असे.

कर्मचारी आपल्या टेबलावरील डॉस संगणकावर जोडणीचे छोटे प्रोग्रॅम सुरू करी, 'एफ' ड्राइव्हवर जाऊन आपले नाव व परवलीचा शब्द देई आणि कामास लागे. भारतातील अनेक प्रशिक्षण वर्ग आणि कार्यालयांत खर्च वाचवण्यासाठी टेबलावरील संगणकात हार्ड डिस्कच बसवली जात नसे. नेटवर्क कार्डावरील एका चिपच्या साहाय्याने असा संगणक थेट सर्व्हरवरून सुरू होई. सर्व्हर बंद पडला की संपूर्ण कार्यालयाचे काम थांबत असे.

मात्र असे प्रसंग थोडे येत. स्थैर्य ही नेटवेअरची ख्याती होती. १९९६ पासून अखंड चालू असलेला नेटवेअर ३.१२ चा एक सर्व्हर साडेसोळा वर्षांनंतर, २०१३ मध्ये बंद करण्यात आला. त्याच्या डिस्कचा आवाज वाढल्याने हा निर्णय घ्यावा लागला होता.

भारतातील प्रसार

नेटवेअर ३८६ ही आवृत्ती १९८९ मध्ये आणि तिचीच सुधारित ३.११ ही आवृत्ती १९९१ मध्ये आली. याच सुमारास भारतीय कार्यालयांत संगणकांची संख्या वाढू लागली होती. मुंबईतील ऑनवर्ड समूह आणि नॉव्हेल यांच्या भागीदारीतून 'ऑनवर्ड नॉव्हेल' ही कंपनी उभी राहिली. बंगळूर येथे नॉव्हेलचे सॉफ्टवेअर विकास केंद्रही सुरू झाले.

नॉव्हेलच्या 'सर्टिफाइड नेटवेअर इंजिनिअर' या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात मोठे मोल आले. उत्पादनासोबत ते हाताळणारा प्रशिक्षित वर्गही तयार करण्याची ही पद्धत पुढे अन्य संगणक कंपन्यांनी स्वीकारली. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधराला अभियांत्रिकीच्या पदवीविना संगणक क्षेत्रात प्रवेश देणारा हा मार्ग होता.

घसरणीची कारणे

मायक्रोसॉफ्टने जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आणली. फायली पुरवण्यात ती आरंभी नेटवेअरच्या तोडीची नव्हती. मात्र डेटाबेस आणि अन्य प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवणे तिच्यावर अधिक सुलभ होते. नेटवेअरमध्ये एखादा सदोष प्रोग्रॅम संपूर्ण सर्व्हर बंद पाडू शकत असे, कारण प्रोग्रॅमना एकमेकांपासून अलग ठेवण्याची पुरेशी व्यवस्था त्यात नव्हती. फायली वेगाने पुरवण्यासाठी स्वीकारलेली साधी रचनाच आता अडचणीची ठरली.

दुसरे कारण इंटरनेटचे होते. नेटवेअरची मूळ भाषा 'आयपीएक्स' ही होती, तर इंटरनेट 'टीसीपी/आयपी' वर उभे होते. नेटवेअरने टीसीपी/आयपी मूळ भाषा म्हणून स्वीकारली ती १९९८ मधील पाचव्या आवृत्तीत. तोपर्यंत विंडोज एनटी ४.० अनेक कार्यालयांत रुजली होती.

कंपनीचे लक्षही विचलित झाले होते. नॉव्हेलने १९९३ मध्ये युनिक्सचे हक्क आणि १९९४ मध्ये वर्डपरफेक्ट कंपनी विकत घेतली. वर्डपरफेक्ट तिला १९९६ मध्येच मोठा तोटा सोसून विकावी लागली. वापरकर्ते आणि साधनांची एकत्रित सूची ठेवणारी नॉव्हेलची निर्देशिका सेवा मात्र १९९३ मध्येच उपलब्ध झाली होती. मायक्रोसॉफ्टची तशी सेवा त्यानंतर सात वर्षांनी आली.

लिनक्सकडे वळण

नॉव्हेलने जानेवारी २००४ मध्ये जर्मनीतील सुसे लिनक्स कंपनीची खरेदी पूर्ण केली. मार्च २००५ मध्ये आलेल्या 'ओपन एंटरप्राइज सर्व्हर' मध्ये ग्राहकांना नेटवेअर किंवा लिनक्स यांपैकी एकाची निवड करता येत होती. पुढे नेटवेअरच्या सेवा लिनक्सवर नेण्यात आल्या आणि मूळ कार्यप्रणालीचा विकास थांबला.

या बदलाचा एक धागा पुन्हा चेन्नईत येतो. वेस्ट मांबलमपासून जवळच असलेल्या नंदनम येथे तामिळनाडू सरकारच्या 'एल्कॉट' या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे कार्यालय आहे. या महामंडळाने २००६-०७ च्या सुमारास आपल्या कामकाजासाठी सुसे लिनक्सचा स्वीकार केला आणि शाळांमधील संगणकांसाठीही तीच दिशा धरली. नेटवेअर मागे पडली तरी नॉव्हेलचे नाव या मार्गाने चेन्नईत टिकून राहिले.

मागे काय उरले

नेटवेअरची डिस्क साध्या डॉस किंवा विंडोज संगणकावर वाचता येत नाही. त्यामुळे ज्यांनी सर्व्हर चालू असतानाच फायली अन्यत्र हलवल्या, त्यांचे संक्रमण सुकर झाले. केवळ जुनी डिस्क किंवा टेप कपाटात जपून ठेवणाऱ्यांना ती वाचण्यासाठी जुनेच सॉफ्टवेअर, जुनेच यंत्र आणि ते जाणणारा माणूस शोधावा लागतो. खातेवही किंवा निवृत्तिवेतनाच्या नोंदी अशा डिस्कवर असतील, तर हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रमाणपत्रधारकांचा अनुभव काहीसा वेगळा आहे. आज्ञांची नावे कालबाह्य झाली, पण वापरकर्त्यांचे हक्क ठरवणे, फायलींच्या प्रती राखणे आणि जोडणीतील दोष शोधणे ही कामे प्रत्येक नव्या प्रणालीत कायम राहिली. ज्यांनी ही कामे समजून घेतली होती, त्यांना विंडोज किंवा लिनक्सकडे वळताना पाटी कोरी करावी लागली नाही.

नेटवेअर : महत्त्वाचे टप्पे

१९८३ – नेटवेअरची पहिली आवृत्ती
१९८९ – नेटवेअर ३८६
१९९३ – नेटवेअर ४ आणि निर्देशिका सेवा
१९९८ – नेटवेअर ५. टीसीपी/आयपीचा मूळ भाषा म्हणून स्वीकार
२००३ – अखेरची आवृत्ती, नेटवेअर ६.५
२००५ – ओपन एंटरप्राइज सर्व्हर
२०१० – सर्वसाधारण तांत्रिक साहाय्य समाप्त
२०११ – अॅटॅचमेट कंपनीकडून नॉव्हेलची खरेदी
२०१४ – मायक्रो फोकस कंपनीकडे मालकी
२०२३ – ओपनटेक्स्ट कंपनीकडे मालकी