'पॅरिया' शब्दाची कुळकथा

इंग्रजी ही आपल्या मुक्तीची भाषा आहे असे आपण म्हणतो, आणि त्यात असत्य काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील निबंध वाचला तो इंग्रजीतच. परंतु या भाषेच्या शब्दकोशातही जात शिरलेली आहे, हे आपण सहसा तपासून पाहत नाही. तीन शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला 'कास्ट', म्हणजे जात. वंश, जातकुळी या अर्थाचा 'कास्ता' हा शब्द पोर्तुगीजांनी येथील समाजव्यवस्थेला लावला आणि इंग्रजांनी तो उचलला. 'फेकणे' या अर्थाचा इंग्रजी 'कास्ट' अगदी निराळा. तो स्कँडिनेव्हियाकडून आलेला. त्यापासून झालेला 'आउटकास्ट', म्हणजे बाहेर फेकलेला, हा दुसरा शब्द कित्येक शतके इंग्रजीत आहे. १९ व्या शतकात त्याच्या शेवटी 'ई' जोडून 'जातिबाह्य' या अर्थाचा जुळा शब्द घडवला गेला. उच्चार एकच, म्हणून विद्यार्थी चुकतात आणि गुण गमावतात. पण त्या एका अक्षरात मोठा फरक आहे. फेकलेल्या माणसाला कोणीतरी फेकलेले असते. 'जातिबाह्य' म्हटले की फेकणारा हात अदृश्य होतो आणि बहिष्कार हा जणू निसर्गक्रम ठरतो.

तिसरा शब्द 'पॅरिया'. तमिळ प्रदेशातील परैयर समाजाचे हे नाव. बहुतेक कोशकार ते 'परै' या वाद्याशी जोडतात. परै म्हणजे आपल्या हलगीसारखे कातड्याचे वाद्य. हे नाव युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात गेले. मद्रासच्या गोऱ्यांनी गावच्या भटक्या कुत्र्यालाही तेच नाव दिले. १८२१ साली दलाविन्ये या फ्रेंच नाटककाराचे 'ल पारिया' हे नाटक रंगभूमीवर आले. १८२४ साली गटेची त्याच नावाची कविता प्रसिद्ध झाली. युरोपच्या कवींना बहिष्कृतांविषयी कणव वाटली खरी, परंतु जिवंत परैयर माणूस मात्र त्या कणवेतून निसटला. उरले ते केवळ विशेषण. जगाने वाळीत टाकलेल्या राष्ट्राला वृत्तपत्रे आजही बिनदिक्कत 'पॅरिया' म्हणतात. कोट्यवधींच्या भाषेत एका समाजाचे नाव शिवी होऊन वावरते, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

याला त्या समाजाने दिलेले उत्तर विसरता येणार नाही. १८९३ साली रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मद्रासेत पत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले 'परैयन'. ज्या नावाने हिणवले जाई, तेच त्यांनी मथळ्यावर छापले. पुढे हेच श्रीनिवासन गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या बरोबरीने बसले. १९३१ साली दोघांनी मिळून दिलेल्या निवेदनात 'डिप्रेस्ड क्लासेस' या सरकारी नावालाच हरकत घेतली आणि दुसरी नावे सुचवली. एकाने शिवीचे नाव निर्भयपणे मिरवले, पुढे दोघांनी मिळून लादलेले नाव नाकारले. दोन्ही कृतींमागे सूत्र एकच: आमचे नाव आम्ही ठरवू.

इंग्रजी शिकायचीच आहे, आणि जिद्दीने शिकायची आहे. मात्र वर्गात 'पॅरिया'चा अर्थ 'बहिष्कृत' एवढाच लिहून देणाऱ्या शिक्षकाने त्या नावाची माणसे कोण, आणि त्यांना बहिष्कृत केले कोणी, हेही सांगितले पाहिजे. अर्थ तेव्हाच पूर्ण होतो.