दहा पैसे किंमत

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, आणि खरं सांगायचं तर आळसही होताच. पण परवा कपाट आवरताना एक जुनं प्लॅस्टिकचं पाकीट हाती लागलं आणि त्यातून निघालेल्या चार रंगीत पानांनी मला लिहायला बसवलं.

२०१२ साली मी भाचीकडे इंग्लंडला तीन महिने राहिले होते. तिची लेक तेव्हा सतरा वर्षांची. 'मीडिया स्टडीज' हा तिचा एक विषय होता. वर्तमानपत्रं, सिनेमा, मासिकं यांचा अभ्यास करतात आणि त्याची परीक्षा देतात, हे मला ऐकूनच नवल वाटलं. तिथल्या ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळाने २००८ पासून लावलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी मुलांनी एक वस्तू स्वतः बनवायची असे. एक तर सिनेमाची सुरुवातीची दोन मिनिटं, नाहीतर एका नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आतल्या लेखाची समोरासमोरची दोन पानं. फोटो स्वतः काढायचे, मजकूर स्वतः लिहायचा. दुसऱ्याचं उचललेलं चालत नसे.

आमच्या नातीने मासिक केलं. मुखपृष्ठावर तिचा वर्गमित्र, हातात गिटार (त्याला ती वाजवता येत नव्हती, हे मला तिनेच सांगितलं), मागे गॅरेजचं दार. डोळे थेट आपल्याकडे रोखलेले. वर मोठ्या अक्षरात मासिकाचं नाव, त्यातली मधली दोन अक्षरं मुलाच्या डोक्यामागे लपलेली. डाव्या बाजूला आतल्या लेखांची नावं. लाल, काळा, पांढरा हे तीनच रंग. आणि खाली कोपऱ्यात बारकोड व किंमत.

मी विचारलं, "अगं, हे विकायचंय का?"

"नाही गं मावशीआजी. पण बारकोड नसला तर ते मॅगझीन वाटतच नाही."

तेव्हा मी हसले. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि का राहिलं ते शेवटी सांगते. आधी त्या बारकोडबद्दल.

दुकानातल्या यंत्राने बारकोड वाचून पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. वस्तू होती च्युइंगमचं पाकीट. पुढे ही पट्टेरी चौकट मासिकांवरही आली, तेव्हा मुखपृष्ठ सजवणाऱ्यांना ती डोळ्यात खुपली. 'मॅड' या अमेरिकी विनोदी मासिकाने तर एप्रिल १९७८ च्या अंकाचं सगळं मुखपृष्ठच एका अवाढव्य बारकोडने भरून टाकलं आणि त्याची टर उडवली. म्हणजे तो आगंतुक होता, घुसखोर होता. आणि ३४ वर्षांनी एक मुलगी म्हणते की तो नसेल तर मासिक खरं वाटत नाही! रीत अशीच पडते. आधी गैरसोय, मग सवय, आणि शेवटी तीच ओळख.

बाकीच्या रीतींचीही अशीच कुळकथा निघते. इंग्लंडच्या दुकानात मासिकं फळीवर एकावर एक अशी लावत की पुष्कळदा डावीकडची पट्टीच काय ती दिसायची. म्हणून महत्त्वाचं सगळं डावीकडे. चेहरा नावावर येऊ द्यायचा ही चैन नावाजलेल्या मासिकांची, कारण दोन अक्षरं झाकली तरी गिऱ्हाईक ओळखतंच. आमच्या नातीचं मासिक जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी तिने नाव झाकलं. कारण थोरामोठ्यांनी झाकलं होतं!

आणि ते थोर तरी कुठून आले? 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस', म्हणजे एनएमई, १९५२ साली निघालं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या अंकात त्यांनी खपाच्या क्रमाने गाण्यांची यादी छापली. वीसेक दुकानांना फोन करून विचारायचं आणि यादी लावायची, इतकी साधी पद्धत. ब्रिटनमधली अशी ती पहिली यादी. (त्याच वर्षाच्या अखेरीला आपल्याकडे रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. तिच्या 'पायदानां'वर पुढे किती घरांतल्या बुधवारच्या रात्री गेल्या, ते माझ्या वयाच्यांना सांगायला नको.) 'केरँग' १९८१ चं. नाव म्हणजे गिटारचा दणका, म्हणून नावाची अक्षरंही तडे गेल्यासारखी. 'क्यू' १९८६ चं, लाल चौकोनात पांढरं अक्षर. त्या वर्गातल्या मुलांपुढे हेच नमुने होते. नातीने मला मैत्रिणींची पानंही दाखवली. बहुतेकांवर तसाच रोखून बघणारा चेहरा आणि तसाच बारकोड. मी मास्तरीण, लगेच मनात म्हटलं, सगळ्यांनी एकाचंच बघून लिहिलंय!

पण विद्यार्थ्याने काढलेलं संगीत मासिक ही काही अभ्यासक्रमाने लावलेली टूम नव्हे. गाण्यांवर गंभीरपणे लिहिणाऱ्या मासिकांच्या मुळाशीच एक विद्यार्थी आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या मुलाने 'क्रॉडॅडी' नावाचं मासिक काढलं. दहा पानं, आणि तीही सायक्लोस्टाइल केलेली. नाव घेतलं ते लंडनजवळच्या रिचमंडमधल्या एका क्लबावरून, जिथे रोलिंग स्टोन्स सुरुवातीला वाजवत. नटनट्यांसारखे गायकांचे फोटो नकोत, उडत्या बातम्या नकोत, गाण्यांबद्दल विचार करून लिहिलेलं हवं, असं त्याचं म्हणणं होतं.

सायक्लोस्टाइल म्हटल्याबरोबर माझ्या नाकात त्या शाईचा वास आला. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी चाचणीच्या प्रश्नपत्रिका त्यावरच काढल्या. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने मराठी अक्षरं कोरायची. जोर जास्त लागला की 'ठ'च्या पोटातला तुकडा निघून यायचा आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका. त्यावर अक्षरं उमटत, रेघांची चित्रं जेमतेम उमटत, फोटो नाहीच. म्हणजे फोटो नको हे विल्यम्सचं तत्त्व असेल, पण यंत्रानेही त्या तत्त्वाला हातभार लावला असणार, असं मला स्वानुभवाने वाटतं. पुढल्या वर्षी, ९ नोव्हेंबर १९६७ ला, सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' निघालं. संपादक यान वेनर २१ वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडलेला, घरच्यांकडून उसने घेतलेले साडेसात हजार डॉलर हे भांडवल. कागद वर्तमानपत्राचा. पण पहिल्या पानावर जॉन लेननचा फोटो होता. म्हणजे तो रोखलेला चेहरा आला!

१९७६ च्या जुलैत लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढलं. शीर्षकं जाड्या पेनाने हाताने लिहिलेली, मजकूर टाइप केलेला, खाडाखोड तशीच ठेवलेली, आणि सगळं फोटोकॉपी केलेलं. पैसे नव्हते आणि थांबायलाही वेळ नव्हता. ती गरिबी इतकी लोकांच्या मनात भरली की तीच एक शैली झाली. आता तसली वेडीवाकडी, फाटकी अक्षरं संगणकावर तयार मिळतात. आमच्या नातीच्या एका मैत्रिणीने ती वापरली होती. तिला कागद फाडावा लागला नाही, की हात चिकट झाले नाहीत.

पुढच्या वर्षी नातीने एका बंद पडलेल्या रेकॉर्डच्या दुकानावर पाच मिनिटांचा माहितीपट केला आणि मला पाठवला. दुकानदार चौकटीच्या एका बाजूला बसलेला, नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूच्या कुणाकडे तरी. खाली नावाची पट्टी. मधूनच तबकडीवर फिरणाऱ्या सुईचा जवळून फोटो. तो ठरल्यासारखाच वाटला, कारण तो ठरलेलाच असतो. यालाही इतिहास आहे. १९३५ साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाच्या ब्रिटिश माहितीपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतली माणसं स्वतःच्या घरात उभी राहून, स्वतःच्या तोंडाने, उंदरांबद्दल आणि ढेकणांबद्दल बोलली. तोवर गरिबाबद्दल दुसरंच कुणी बोलायचं. आज कंटाळवाणी वाटणारी ती 'बोलणारी मुंडकी' त्या दिवशी केवढी मोठी गोष्ट होती!

आपल्याकडे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. सिनेमाआधी थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या त्या माहितीपटांत एक भारदस्त आवाज असायचा. तो धरणाबद्दलही बोलायचा आणि वाघाबद्दलही, त्याच सुरात. पडद्यावरची माणसं मुकी आणि आवाज सर्वज्ञ. १९६० च्या आसपास कॅमेरा खांद्यावर आला, आवाज त्याच वेळी टिपणारं यंत्रही हलकं झालं, आणि हा सूत्रधार काही ठिकाणी गप्प बसला. डी. ए. पेनबेकरने बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावर केलेला 'डोंट लुक बॅक' (१९६७) तसा आहे. निवेदन नाही, हलणारा कॅमेरा, आणि डिलन चिडतो तेव्हा नुसता चिडतो, का चिडला ते कुणी सांगत नाही. 'वुडस्टॉक'मध्ये (१९७०) पडद्याचे दोन-तीन भाग केले, कारण एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी बरंच काही घडत होतं. प्रत्येक युक्तीला तिची अडचण होती, किंवा तिचा हट्ट.

आता मूळ मुद्दा. मी नातीला म्हटलं होतं, "तुम्ही सगळ्यांनी नक्कलच केली की!" ती रागावली नाही. तिने परीक्षेचे प्रश्न दाखवले. काम झालं की मुलांना सात प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. पहिलाच प्रश्न असा होता, की खऱ्या मासिकांच्या कोणत्या रीती तुम्ही वापरल्या, कोणत्या पुढे नेल्या आणि कोणत्यांना आव्हान दिलं? नातीने लिहिलं होतं की वाचकाला अनोळखी मासिक ओळखीचं वाटावं म्हणून तिने बारकोड घेतला. गिटार न येणाऱ्याच्या हातात गिटार का, याचंही उत्तर होतं. काही उत्तरं ओढूनताणून होती, शेवटी परीक्षाच ती. पण प्रश्न विचारला होता!

तो प्रश्न वाचून मला १९७४ साल आठवलं. (ट्रॉय गावातल्या च्युइंगमचंच साल, हा निव्वळ योगायोग.) मी नववीला मराठी शिकवत होते आणि शाळेच्या हस्तलिखिताचं काम माझ्याकडे होतं. हस्तलिखिताची रीत ठरलेली: मुखपृष्ठावर सरस्वती नाहीतर मोर, आत मुख्याध्यापकांचं मनोगत, संपादकीय, अनुक्रमणिका, आणि जागा उरली की चुटके. ही सगळी दिवाळी अंकांची धाकटी भावंडं. आणि दिवाळी अंकाची रीत तरी कधीची? 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, आणि पुढे दीनानाथ दलालांच्या चित्रांनी मुखपृष्ठ कसं असावं हे आमच्या डोळ्यांना शिकवलं. पण तेव्हा मला ते सगळं अनादी वाटत होतं.

वर्गातल्या एका मुलाने मला एक वही आणून दिली. स्वतः शिवलेली, शंभर पानी वहीची अर्धी पानं. सबंध अंक गाण्यांचा. बुधवारी रात्री आठला रेडिओला कान लावून उतरवलेले गाण्यांचे क्रमांक, कुठलं चढलं, कुठलं उतरलं याचा निळ्या-लाल पेन्सिलीने काढलेला आलेख, 'या आठवड्यात हे गाणं का घसरलं' असा अर्ध्या पानाचा लेख. मुखपृष्ठावर रेडिओचं चित्र. आणि कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं: किंमत १० पैसे.

मी लाल शाईने ती किंमत खोडली आणि शेजारी लिहिलं, 'शाळेत विक्री करता येणार नाही. संपादकीय कुठे आहे? विषय शालेय असावा.' शुद्धलेखनाच्या अकरा चुकांना गोल केले आणि वही परत दिली.

तो विकणार नव्हता हो. शाळेत कोण घेणार होतं? किंमत नसली तर ते मासिक वाटलं नसतं, एवढंच. हे मला कळायला इंग्लंडच्या एका स्वयंपाकघरात अडतीस वर्षांनी बारकोड बघावा लागला.

त्याने पुन्हा काही आणून दिलं नाही. वर्षअखेरीच्या हस्तलिखितात त्याचा निबंध होता, विषय 'माझा आवडता ऋतू', निर्दोष शुद्धलेखनात. मी त्याला चांगले गुण दिले होते.

शिकवताना आम्ही अक्षरं गिरवूनच घेतो. गिरवण्यात पाप नाही, गिरवल्याशिवाय हात बसत नाही. विल्यम्सनेही कुठेतरी मासिकं बघितलीच असणार. पण गिरवून झाल्यावर 'हे इथे का घेतलंस?' असं विचारायला हवं, आणि उत्तर ऐकायला थांबायला हवं. मी पस्तीस वर्षं 'संपादकीय कुठे आहे?' असंच विचारत आले.

आता एनएमईचा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला, 'क्यू' २०२० मध्ये बंद पडलं. ज्या फळीसाठी सगळं डावीकडे लावायचं, त्या फळीचीच सद्दी संपत आली. नात नोकरी करते, तिचा मासिकांशी काही संबंध राहिला नाही. तिची चार पानं मात्र पुन्हा पाकिटात नीट ठेवली आहेत.

असो. फार लांबण लागली. तुमच्यापैकी कुणी शाळेत असताना असं काही काढलं होतं का? वही, भित्तिपत्रक, काहीही. काढलं असेल तर कळवा. आणि त्यावर किंमत लिहिली होती का, तेही सांगा.